ओला जोड, कोरडा जोड

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला एका तरुण कॅप्टनचा फोन आला. पोरगा पूर्वेकडे पोस्टेड आहे. येत्या हिवाळ्यात दहा जवानांना घेऊन सात दिवसांची कनू मोहीम काढायची परवानगी त्याला मिळाली आहे. (कनू म्हणजे उघडी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती होडी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची.) नकाशे झाले, लाइफ जॅकेट्स झाली, रेशनचा हिशेब झाला. "सर, फक्त बुटांचं राहिलंय," म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. घोट्याच्या वर जाणारे, जाड सोलचे, पूर्ण वॉटरप्रूफ बूट. किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"सगळ्यांना एकसारखेच घेतो, सर. फ्लॅग ऑफला छान दिसतील."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला अठरा वर्षांपूर्वीचा मी दिसलो. त्याला म्हटलं, "बाळा, पैसे देऊ नकोस अजून. मी सविस्तर लिहून पाठवतो." तेच इथेही मांडतो आहे. वाचणाऱ्यांत अनेक माजी सैनिक आहेत, काही आपल्या मुलांसोबत नदीवर जाणारे हौशी लोक आहेत. त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अनेक दिवसांच्या कनू प्रवासात पाणी अडवणारा बूट शोधू नका. पाणी सोडणारा बूट शोधा, आणि वेळ आली तर पायालाही सोडणारा. दुसरा एक जोड कोरडा ठेवा आणि तो देवघरातल्या सोवळ्यासारखा जपा. या दोन जोडांची गल्लत करू नका. बस्स. बाकी सगळं या दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे. पण हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. माझ्या चुकीची किंमत दोन जवानांनी मोजली, तेव्हा कळलं.

जानेवारीचा महिना होता. सदियाहून निघून प्रवाहाच्या अंगाने जोरहाटजवळच्या निमाती घाटापर्यंत जायचं, सहा दिवसांत, अंदाजे अडीचशे किलोमीटर. तेव्हा ढोला-सदिया पूल नव्हता, तो २०१७ मध्ये खुला झाला. आम्ही होड्या फेरीबोटीवर लादून लोहित ओलांडली. सदियाच्या खाली लोहित, दिबांग आणि सियांग एकत्र येतात आणि तिथून पुढे नदी ब्रह्मपुत्रा होते. आम्ही बारा जण, सहा कनू, मागे सुरक्षेसाठी एक मोटरबोट. मी कॅप्टन, वय सव्वीस-सत्तावीस, आणि आपल्याला पाण्यातलं सगळं कळतं याची पूर्ण खात्री. खडकवासल्याला पीकॉक बेवर पालनौका चालवल्या होत्या, पुढे सॅपर म्हणून पूल बांधायला आणि बोटी हाकायला शिकलो होतो. आणखी काय पाहिजे?

निघायच्या आदल्या संध्याकाळी आमचे सुभेदार साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पोरांना पीटी शूज घालू द्या. हे कातडी बूट पाण्यात जड होतात."

मी म्हणालो, "साहेब, उद्या मोठे साहेब येणार, फोटो निघणार. एकसारखे कॉम्बॅट बूटच बरे."

त्यांनी "बरं साहेब" म्हटलं आणि गेले. आमच्याकडे जेसीओचं "बरं साहेब" दोन तऱ्हेचं असतं. हे दुसऱ्या तऱ्हेचं होतं, आणि ते ओळखण्याइतका मी अजून पिकलो नव्हतो.

हिवाळ्यात ब्रह्मपुत्रेचं पाणी उतरतं. पात्र कित्येक किलोमीटर रुंद, पण त्यात वाळूची बेटं, ज्यांना तिकडे चापोरी म्हणतात, आणि त्यांच्यामधून फुटलेले असंख्य फाटे. चुकीचा फाटा घेतला की होडी वाळूत रुतते. उतरा, ढकला, पुन्हा बसा. पहिल्याच दिवशी मी मोजलं: सव्वीस वेळा पाण्यात उतरलो. लोक समजतात की होडीत बसणारा माणूस कोरडा असतो. कनूत तसं काही नसतं. चढताना-उतरताना पाय पाण्यात जातोच, वल्ह्यावरून पाणी ठिबकतं, लाट आत येते, होडीच्या बुडाशी दोन बोटं पाणी कायम हिंदकळत राहतं. पाय ओला होणार की नाही, हा प्रश्नच तिथे नसतो. ओला पाय दहा तास कसा सांभाळायचा, एवढाच प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर तिसऱ्या नंबरची होडी आडवी झाली. काठ कोसळून नदीत पडलेली झाडं तळाशी रुतून बसतात, नुसतं एखादं खोड वर दिसतं. प्रवाहाने होडी आडवी त्यावर नेऊन आदळली आणि पालथी केली. मागचा जवान लगेच वर आला. पुढचा लान्स नायक आला नाही.

तो गुडघ्यांवर बसून वल्हवत होता. कनूत जोर लावायचा असेल तर तसंच बसतात: गुडघे तळावर, पावलं मागे बैठकीच्या फळीखाली, पायाची बोटं दुमडलेली. त्याचा जाड बूट त्या फळीखाली अडकला होता. होडी पालथी, तो खाली डोकं करून पाण्यात. नाडी सोडायची म्हणाल तर ओली नाडी फुगून गाठ दगडासारखी झालेली, आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत आवळलेला. त्याच्या जोडीदाराने होडी खांद्याने उचलून कलती केली, तेव्हा पाय सुटला. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मी चाळीस मीटरवर होतो आणि वल्ही मारत होतो. ती वीस सेकंदं आजही कधीकधी रात्री मोजतो.

काठावर आल्यावर त्याला नीट उभं राहवेना. इथे एक गैरसमज दूर करतो. बुटात भरलेलं पाणी माणसाला बुडवतं असं लोक म्हणतात, ते खरं नाही. पाण्यात असताना त्या पाण्याचं वजन तुम्हाला जाणवत नाही. पण पाय मारता येत नाहीत, आणि बाहेर पाऊल टाकलं की तेच पाणी प्रत्येक पायाला लोढणं बनतं. निसरड्या काठावर, दमलेल्या माणसाला, तेवढं पुरतं.

तो वाचला. मला वाटलं, धडा शिकलो. खरा धडा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला.

डिब्रुगडच्या अलीकडे एका चापोरीवर मुक्काम होता. शेकोटी पेटली होती. एक शिपाई, कोकणातला, विशीतला पोरगा, बूट न काढता बाजूला बसला होता. सुभेदार साहेबांनी त्याला बूट काढायला लावले. मोजे सोलून काढावे लागले. पावलं पांढरीफटक, सुजलेली, कातडी सुरकुतून लोंबलेली, बोटांच्या बेचक्यात चिरा पडून पाणी सुटलेलं. टाच दाबली तर त्याला कळत नव्हतं. तीन दिवस तेच ओले कातडी बूट, तेच ओले सुती मोजे, आणि डोंगरातून येणारं थंड पाणी.

मी विचारलं, "अरे, सांगितलं का नाहीस?"

म्हणाला, "चिखल्या आहेत साहेब. भातलावणीत होतातच की. आणि सगळ्यांचेच बूट ओले होते."

सगळ्यांचेच बूट ओले होते. यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. त्याने सहन केलं, कारण साहेबाने ठरवलं ते सगळ्यांसाठी सारखंच होतं. एकसारखेपणाचा माझा आग्रह त्या पोराने माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे पाळला होता. दुसऱ्या दिवशी त्याला डिब्रुगडला उतरवून दवाखान्यात पाठवलं. बरा झाला, पण पुढचे काही हिवाळे थंडीत त्याची पावलं ठणकायची. उरलेल्या अकरा जणांसाठी त्याच दुपारी बाजारातून साध्या कॅनव्हासच्या बुटांचे अकरा जोड आणि लोकरीचे मोजे घेतले. पुढचे तीन दिवस एकालाही त्रास झाला नाही. फोटो मात्र विजोड आले. दोघांना निळे बूट मिळाले होते, बाकीच्यांना तपकिरी.

चिखल्या आपल्याला नवीन नाहीत. मावळात, कोकणात आवणात उभं राहून लावणी करणाऱ्या बायाबापड्यांना दर पावसात होतात. मेंदी लावतात, रात्री पाय कोरडे ठेवतात, सकाळी पुन्हा चिखलात. पण गार पाण्याची भर पडली की मामला वेगळा होतो. गोठणबिंदूच्या बऱ्याच वर असलेलं पाणीही, तासन्‌तास पाय भिजत राहिले, तर रक्तपुरवठा आखडवतं आणि नसांना इजा करतं. आधी बधिरपणा, मग सूज, मग आग. अशा वेळी पाय चोळायचे नाहीत, शेकोटीला धरायचे नाहीत. कोरडे करून, हळूहळू ऊब देऊन, वर उचलून ठेवायचे आणि डॉक्टर गाठायचा.

फौजेला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियममधल्या पाण्याने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय असेच गेले, त्याला ट्रेंच फूट हे नाव पडलं. त्या हिवाळ्यात आपलेही जवान तिथे होते. बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे तेव्हाच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलला जबर हानी सोसली. ट्रेंच फूटवर इलाज काय निघाला? कुठलाही चमत्कारी बूट नाही. कोरडे मोजे, पायाला तेल, आणि रोजची पाय तपासणी. आणि जवानांच्या पायांसाठी अधिकारी जबाबदार. पुढे व्हिएतनामसाठी अमेरिकनांनी जंगल बूट केला, त्याच्या बगलेला पाणी निघून जायला छोटी जाळीची भोकं ठेवली. पाणी आत येणारच हे त्यांनी मान्य केलं होतं. आपल्याकडच्या जुन्या हिरव्या कॅनव्हासच्या जंगल बुटांवर किती पिढ्या चालल्या, हे माजी सैनिकांना मी सांगायला नको.

आता त्या कॅप्टनसाठी, आणि तुमच्यासाठी, कामाचं.

वॉटरप्रूफ बूट डोंगरात दवाने भिजलेल्या गवतातून चालायला उत्तम. कनूत तो वरून भरतो. आणि जी पन्नी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ती आतलं बाहेरही जाऊ देत नाही. एकदा भरला की रात्रभर शेकोटीजवळ ठेवूनही तो सकाळी ओलाच. गमबुटाचं तेच, शिवाय तो चिखलात रुतून पायातून निघतो.

मग फ्लोटर? गरम पाण्यात, केरळच्या बॅकवॉटरसारख्या शांत जागी चालेल. पण ब्रह्मपुत्रेची वाळू पट्ट्याखाली शिरते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कातडी घासून काढते. काठचा गाळ पट्टा धरून ओढतो. बोटं उघडी राहतात ती वेगळीच. कोळी लोक मासे अडवायला बांबूच्या खुंट्या पुरतात, पाणी गढूळ असलं की त्या दिसत नाहीत. घाटांवर फुटक्या बाटल्या असतात. आपल्या कोकणातल्या खाडीत कनू न्याल तर खडकावर कालवं असतात, त्यांची धार सुरीसारखी.

अनवाणी? तिथले मिसिंग नावाडी अनवाणीच वावरतात हे मी पाहिलं आहे. त्यांची पावलं लहानपणापासून त्या वाळूत घडलेली असतात. दहा महिने ऑफिसच्या बुटात राहिलेल्या पायाने त्यांची नक्कल करू नये.

ओला जोड असा हवा: बोटं झाकणारा, वरचं कापड जाळीचं किंवा कॅनव्हासचं, सोल पातळ आणि वाकणारा पण खुंटी आरपार न जाऊ देणारा, टाच घट्ट धरणारा. आकाराने आटोपशीर. नाडी असेल तर आखूड, लोंबते फास नकोत. गाठ एका ओढीत सुटली पाहिजे. जुने, पायात रुळलेले खेळाचे बूट बहुतेक वेळा दुकानातल्या नव्या कोऱ्या बुटांपेक्षा सरस ठरतात. हिमालयातल्या खडकाळ नद्यांवर मात्र शेवाळलेल्या दगडांवर धरणारा सोल पाहिजे, आणि पाणी फार गार असेल तर निओप्रीनचे बूट. निओप्रीन ओलं ठेवतं पण ऊब धरतं. ते संध्याकाळी न चुकता काढायचे, नाहीतर आत तोच प्रकार सुरू होतो.

विकत घेण्यापूर्वी किंवा निदान निघण्यापूर्वी दोन परीक्षा घरी घ्या. पहिली: बूट घालून गुडघ्यांवर बसा, पावलं एखाद्या बुटक्या स्टुलाखाली सरकवा आणि पटकन मागे-पुढे न बघता बाहेर काढा. अडकला तर तो बूट कनूत नको. दुसरी: बादलीत पाय बुडवून भरा आणि एक किलोमीटर चाला. दहा मिनिटांनी आत पचपच वाजत असेल तर तो पाणी धरून ठेवणारा आहे. घासणार कुठे तेही इथेच कळतं, आणि घरी कळलेलं बरं.

कोरडा जोड कसाही चालेल, अगदी फेसाचे हलके जोडेसुद्धा. अट एकच, त्याला पाणी दाखवायचं नाही. तो आणि झोपायचे लोकरीचे मोजे वेगळ्या कोरड्या पिशवीत. मुक्कामी होडी वर ओढून झाली, तंबू लागला, की पाय पुसा, बेचके पुसा, पावडर लावा, कोरडा जोड घाला. मग पुन्हा पाण्याला जायचं झालं, भांडी घासायची झाली, तर ओला जोड पुन्हा चढवा. कंटाळा येतो, मान्य. सकाळ त्याहून वाईट. सहा अंशांच्या धुक्यात गारठलेला ओला बूट पायात घालणं हे माझ्या नोकरीतल्या नावडत्या कामांपैकी एक आहे. त्या क्षणी वाटतं, आजच्या दिवस कोरडाच घालू. तो घातलात की तासाभरात तुमच्याकडे दोन ओले जोड झाले, आणि रात्रीची पायांची सुट्टी गेली. पाय दिवसभर भिजला तर चालतं. त्याला रोज रात्री काही तास कोरडे मिळाले पाहिजेत.

आता थोडं कडू. आपल्याकडे मोहिमेच्या सामानाची यादी बऱ्याचदा फ्लॅग ऑफच्या फोटोपासून सुरू होते. एकसारखे ट्रॅकसूट, एकसारख्या टोप्या, एकसारखे बूट. मी परेड ग्राउंडवर घडलेला माणूस आहे. एकसारखेपणाने माणसं एकजीव कशी होतात हे मला ठाऊक आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण पाय एकसारखे नसतात. कुणाचा रुंद, कुणाची टाच बारीक, कुणाला जुनी कुरूपं. परेडचा नियम नदीवर आणला की तो शिस्त राहत नाही, साहेबाची हौस होते. एकसारखं काही ठेवायचंच असेल तर नियम ठेवा: प्रत्येकाकडे दोन जोड, एक ओला, एक कोरडा, आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी पाय तपासणी. रंग कोणताही असो.

आणि तपासणी साहेबापासून सुरू करा. आधी स्वतःचे मोजे काढा, स्वतःची पावलं दाखवा. आपला जवान दुखणं सांगत नाही. तो "ठीक आहे साहेब" म्हणतो, आणि ते खरं मानणं आपल्याला सोयीचं असतं. मराठीत पायातली वहाण पायातच बरी म्हणतात, म्हणजे खालच्याला खालीच ठेवावं. ही म्हण मला कधीच आवडली नाही. नदीवर तर ती पूर्ण खोटी आहे. तिथे रोज एकदा वहाण हातात घेऊन तिच्या आत बघावं लागतं.

कोकणातला तो शिपाई आता निवृत्त होऊन गावी भातशेती करतो. मृगाच्या सुमारास त्याचा फोन येतो. यंदा म्हणाला, "साहेब, लावणीला गमबूट घेतले, पण आत पाणी गेलं की जातच नाही हो." मी म्हटलं, "मग?" तो हसला. "मग काय, काढून टाकले. रात्री पाय पुसतो, मुठेल लावतो."

कॅप्टनला हे सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "सर, बूट रद्द. पण सीओ साहेबांना रंगांचं काय सांगू?" मी लिहिलं, त्यांना सांग, फोटो कमरेच्या वर काढा.

जय हिंद.